मोठं कलासंग्रहालय आणि हातात दोनच तास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवासात एखाद्या शहरात एकच दिवस मिळतो. त्यातले दोन-तीन तास कसेबसे संग्रहालयाच्या वाट्याला येतात. दारात उभं राहिल्यावर नकाशा हातात पडतो आणि छातीत धडकी भरते: एवढं सगळं कधी पाहायचं? मला हे प्रश्न ओळखीचे लोक नेहमी विचारतात. मी स्वतः आधी धावत, मग हळूहळू थांबत संग्रहालयं पाहायला शिकले, म्हणून या उत्तरांमध्ये माझी मतंही आहेत.

दोन तासांत सगळं पाहून होईल का?

नाही. आणि हे दाराशीच मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पॅरिसच्या लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या असतात. प्रत्येकीसमोर फक्त दहा सेकंद थांबायचं ठरवलं, चालण्याचा वेळ धरला नाही, तरी ९७ तास लागतील. म्हणजे झोप, जेवण सोडून सलग चार दिवस. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये सुमारे ८०,००० वस्तू मांडलेल्या आहेत, आणि तो त्यांच्या संग्रहाचा जेमतेम एक टक्का आहे. त्यामुळे ज्याच्याकडे आठवडा आहे तोही ‘सगळं’ पाहत नाही. तुमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की निवड तुम्हाला आधी करावी लागते.

मग किती कलाकृती पाहाव्यात?

पाच. फार तर सात.

हिशेब करून पाहा. १२० मिनिटांपैकी सुरक्षा तपासणी, बॅग ठेवणं, स्वच्छतागृह आणि नकाशा समजून घेणं यांत वीस मिनिटं जातात. एका दालनातून दुसऱ्यात जाणं, जिने चढणं, चुकणं यांत आणखी पंचवीस. बसायला दहा. उरली पासष्ट मिनिटं. पाच कलाकृतींना प्रत्येकी दहा मिनिटं दिली तर पन्नास होतात, आणि उरलेली पंधरा अशा एखाद्या चित्रासाठी, जे यादीत नव्हतं पण ज्याने वाटेत तुम्हाला अडवलं. ही पंधरा मिनिटं कापू नका. मला आजही ज्या चित्रांची आठवण येते त्यांतली अर्धी अशी वाटेत भेटलेली आहेत.

दहा मिनिटं जास्त वाटत असतील, तर लोक प्रत्यक्षात किती वेळ पाहतात तेही ऐका. जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये, म्हणजे मेटमध्ये, प्रसिद्ध चित्रांसमोर उभ्या राहणाऱ्यांची वेळ मोजली. २००१ साली निष्कर्ष छापून आला: सरासरी २७ सेकंद. निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा मोजलं, २०१७मध्ये ते प्रसिद्ध झालं, तेव्हाही आकडा २९ सेकंदांच्या आसपासच होता. जगातली उत्तम मानली जाणारी चित्रं, आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट! तुम्ही दहा मिनिटं थांबलात तर त्या चित्राचे त्या दिवसाचे सगळ्यांत जवळचे पाहुणे तुम्ही असाल.

कोणत्या पाच निवडायच्या?

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ‘मुख्य आकर्षणं’ अशी एक यादी असते. तिच्यातून दोन घ्या. तिसरी कलाकृती तुमच्या स्वतःच्या जगण्याशी जोडलेली असू द्या: शिवणकाम करणाऱ्याने वस्त्रांची चित्रं पाहावीत, डॉक्टरने शरीराची, गाणाऱ्याने वाद्यांची. तुम्हाला जे हातांनी माहीत आहे ते चित्रात इतरांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं. चौथं एखादं शिल्प घ्या, कारण सगळी चित्रंच पाहिली की डोळे सपाट होतात. पाचवी जागा रिकामी ठेवा.

मात्र निवडलेल्या वस्तू एकमेकींच्या जवळ हव्यात. लूव्रचे देनों, स्युली आणि रिशेलिए असे तीन भाग आहेत. तीन भागांत तीन चित्रं निवडलीत तर तुमचा दिवस कॉरिडॉरमध्ये जाईल. एक भाग, फार तर दोन, एवढंच ठरवा. बाकीचं सोडताना वाईट वाटतं, मलाही वाटतं. तरी सोडा.

जाण्याआधी काय तपासावं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर.

पहिली, सुट्टीचा वार. लूव्र मंगळवारी बंद असतं, मेट बुधवारी, पॅरिसचं ऑर्से आणि फ्लॉरेन्सचं उफीझी सोमवारी. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम रोज उघडं असतं. वेळापत्रकं बदलतात, म्हणून तिकीट काढताना पुन्हा एकदा बघा. मोठ्या संग्रहालयांत आता ठरावीक वेळेचं तिकीट घ्यावं लागतं. ते आधी काढलंत तर दारातली रांग वाचते, आणि दोन तासांतली वीस-तीस मिनिटं वाचणं म्हणजे जवळजवळ एक अख्खं दालन.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: जे चित्र पाहायचंय ते त्याच इमारतीत आहे ना? व्हॅन गॉगचं ‘द स्टारी नाइट’ ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या नावाच्या संग्रहालयात नाही. ते १९४१पासून न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे. पिकासोचं ‘गेर्निका’ माद्रिदमध्ये आहे हे खरं, पण तिथल्या प्रादो संग्रहालयात नाही. १९९२पासून ते रेना सोफिया संग्रहालयात आहे. व्हर्मीरची ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ राइक्सम्यूझियमची नव्हे, हेगच्या मॉरित्सहाउसची. शिवाय चित्रं दुसऱ्या प्रदर्शनांना उसनी जातात, दुरुस्तीला जातात. प्रत्येक कलाकृतीच्या पानावर ती सध्या मांडलेली आहे का आणि कोणत्या क्रमांकाच्या दालनात, हे बहुधा लिहिलेलं असतं. तो दालन क्रमांक कागदावर टिपून घ्या.

तिसरी, कागदावरची कामं. रेखाटनं, जलरंग, छापचित्रं प्रकाशाने फिकी पडतात. म्हणून ती मंद उजेडात, थोड्याच दिवसांसाठी बाहेर काढतात आणि मग बराच काळ अंधारात विश्रांतीला ठेवतात. ड्यूररने १५०२मध्ये रंगवलेला ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयाचा सगळ्यांत लाडका आहे, पण मूळ चित्र क्वचितच भिंतीवर असतं. फक्त तेवढ्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

सकाळी जावं की संध्याकाळी?

दार उघडताना, किंवा जिथे एखाद्या दिवशी रात्रीपर्यंत उघडं असतं तिथे त्या संध्याकाळी. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत असतं, ऑर्से गुरुवारी उशिरापर्यंत, लंडनची नॅशनल गॅलरी शुक्रवारी. सहल-गट जेवायला गेलेले असतात, आवाज खाली बसलेला असतो. अकरा ते तीन ही वेळ टाळता आली तर टाळा.

सकाळी पहिल्यांदा आत शिरलात तर प्रसिद्ध चित्राकडे थेट जा, किंवा पूर्ण उलट करा: सगळ्यांत दूरच्या दालनापासून सुरुवात करून दाराकडे या. १९२० आणि १९३०च्या दशकांत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांच्या मागे मागे फिरून नोंदी केल्या, तेव्हा दिसलं की दालनात शिरल्यावर बहुतेक जण उजवीकडे वळतात आणि सुरुवातीच्या वस्तूंना जास्त वेळ देतात. डावीकडे वळून पाहा. बऱ्याचदा तिथे जरा मोकळी जागा मिळते.

फुकट प्रवेशाच्या वेळा मोहात पाडतात. प्रादो रोज शेवटचे दोन तास फुकट असतं, पण त्यासाठी बाहेर रांग लागते. एकच संध्याकाळ हाती असेल तर पैसे वाचवण्यापेक्षा वेळ वाचवावा, असं माझं मत आहे.

‘मोनालिसा’ पाहायलाच हवी का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि त्यामागे एक अपराधी भाव असतो: पाहिली नाही तर लोक काय म्हणतील?

लहानपणापासून ती पाहायचं मनात असेल तर जरूर जा. त्यात काहीही उथळ नाही. फक्त काय मिळेल ते माहीत असू द्या. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद आहे, काचेमागे आहे, कठडा आहे, आणि पुढे शेकडो हात उंचावलेले असतात. १९११मध्ये ते चोरीला गेलं तेव्हा लोक भिंतीवरची रिकामी जागा पाहायला यायचे. कीर्ती अशी चित्रापेक्षा मोठी होऊन बसली की चित्र दिसणं अवघड होतं.

मग मागे वळा. मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं ‘काना गावातील लग्न’ आहे: जवळपास पावणेसात मीटर उंच, दहा मीटर रुंद. १५६३मध्ये व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे मठाच्या भोजनगृहासाठी ते रंगवलं होतं. १७९७मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उचलून आणलं. शंभराहून जास्त माणसं, कुत्री, वादक, वाढपी, वरच्या कठड्यावर धावपळ, आणि मध्ये शांत बसलेला येशू. बहुतेक लोक या चित्राकडे पाठ करून उभे असतात! तुम्हाला तिथे पाच मिनिटं कोणी धक्का देणार नाही.

आणि लिओनार्दोच हवा असेल तर बाहेर शेजारच्या लांबलचक ग्रांद गॅलरीत त्याची ‘खडकांमधली कुमारिका’ आणि ‘संत ॲन’ आहेत. तीच धूसर सावली, तेच ओठांच्या कोपऱ्यातलं हसू, आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उभं राहायची मुभा. माझं ऐकाल तर मोनालिसाला तीन मिनिटं द्या आणि ‘संत ॲन’ला पंधरा.

एका चित्रासमोर दहा मिनिटं करायचं तरी काय?

सुरुवातीची दोन मिनिटं कंटाळवाणी जातात. हे ठाऊक असू द्या, म्हणजे पाय आपोआप पुढे सरकणार नाहीत. तिसऱ्या मिनिटानंतर चित्र उलगडायला लागतं.

मी स्वतः असं करते. आधी माहितीपट्टीकडे न बघता लांब उभी राहते, चित्राच्या कर्णाच्या दुप्पट अंतरावर. डोळा आधी कुठे गेला? तिथून कुठे? उजेड कोणत्या बाजूने येतोय, आणि तो सगळ्यांवर सारखा पडतोय का? मग हात बघते. चेहरा रंगवताना चित्रकार सावध असतो, हातांत मात्र तो सापडतो. मग कडा: चौकटीने काय कापलंय, कोण अर्धा बाहेर गेलाय? मग जवळ जाते, रक्षकाला चिंता वाटणार नाही इतपत, आणि रंग कसा लावलाय ते पाहते. मग पट्टी वाचते. आणि शेवटी पुन्हा लांब.

जवळ आणि लांब हा खेळ काही चित्रांत थरारक असतो. प्रादोत वेलास्केझचं १६५६चं ‘लास मेनिनास’ तीन मीटरहून उंच आहे. लांबून राजकन्येच्या पोशाखावरची चांदीसारखी चमक खरी वाटते. जवळ गेलात की ती चमक नाहीशी होते आणि राहतात करड्या-पांढऱ्या रंगाचे भराभर मारलेले फटकारे. दोन पावलं मागे या, पुन्हा रेशीम. शिकागोत जॉर्ज स्यूराचं ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचं चित्र असंच आहे: जवळून ठिपके, लांबून उन्हाची दुपार. आपल्या डोळ्यात रंग मिसळतात हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण तिथे पुढे-मागे होताना ते स्वतःच्या बाबतीत घडताना दिसतं. छापील प्रतीत हे कधीच कळत नाही, कारण तिच्यात अंतर एकच असतं.

काही चित्रं उलट, जवळच बोलावतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयकचं १४३४चं ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच आहे. मागच्या भिंतीवर गोल आरसा आहे. त्या आरशात जोडपं पाठमोरं दिसतं, आणि त्यांच्या पलीकडे दारात आणखी दोन माणसं उभी आहेत. म्हणजे जिथे तुम्ही उभे आहात तिथे! आरशाच्या वर चित्रकाराने सुबक अक्षरांत लिहिलंय, ‘यान व्हान आयक इथे होता’. हे सगळं अर्ध्या मिनिटात दिसत नाही.

किती वेळाने काय दिसतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत सुंदर उदाहरण हार्वर्डच्या कला-इतिहासाच्या प्राध्यापिका जेनिफर रॉबर्ट्स यांचं आहे. त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसायला लावतात, आणि स्वतःही बसल्या: बोस्टनमध्ये असलेल्या, कॉपली या चित्रकाराच्या ‘खारीसह मुलगा’ या १७६५च्या चित्रासमोर. मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या लवीच्या आकाराशी जुळतो, हे त्यांच्या लक्षात यायला नऊ मिनिटं लागली. साखळी धरलेली बोटं खालच्या पाण्याच्या ग्लासाच्या रुंदीएवढीच फाकलेली आहेत, हे एकविसाव्या मिनिटाला दिसलं. आयुष्यभर चित्रं पाहणाऱ्या बाईंना नऊ मिनिटं! आपल्याला पटकन काही दिसलं नाही तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मला चित्रातलं काही कळत नाही. तरी जावं का?

हो. कलेचा इतिहास ठाऊक असणं आणि चित्र पाहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सगळ्यांकडे असते. या क्षणाच्या आधी इथे काय घडलं असेल, हा माणूस काय लपवतोय, यातली एक वस्तू काढली तर चित्र कोसळेल का, असे प्रश्न स्वतःला विचारा. आणि ‘मला हे आवडलं नाही’ असं वाटलं तर का आवडलं नाही ते शोधत थोडं थांबा. न आवडलेल्या चित्रांनीही मला बरंच शिकवलंय.

माहितीपट्टीवरचं काय वाचायचं?

चित्रकार, साल, माध्यम. माध्यम बघायला विसरू नका: लाकडी फळीवरचा रंग गुळगुळीत आणि तेजस्वी दिसतो, कॅनव्हासवर विणीचा पोत जाणवतो. ‘च्या कार्यशाळेतील’, ‘च्या शैलीत’, ‘चे मानले जाते’ हे शब्द जपून वापरलेले असतात. ‘कार्यशाळेतील’ म्हणजे उस्तादाच्या देखरेखीखाली शिष्यांनी बरंचसं केलेलं काम. तळाशी बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक असतो. कित्येक संग्रहालयांत त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांत वस्तू कधी आली ते दडलेलं असतं. मेटमध्ये व्हर्मीरच्या ‘पाण्याची सुरई घेतलेली तरुणी’चा क्रमांक ८९.१५.२१ आहे, म्हणजे ती १८८९मध्ये तिथे आली. मला हे आकडे वाचायला फार आवडतं. चित्राच्या प्रवासाचा तो एक टप्पा असतो.

ऑडिओ गाइड घ्यावा का?

निवडलेल्या पाचांपैकी दोन-तीनसाठी घ्या, बाकी वेळ हेडफोन गळ्यात. १९५२मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने रेडिओ लहरींवरून असं निवेदन ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकाच वस्तूकडे माना वळवायचे. आज तेवढं नाही, पण कानात बोलणारा आवाज डोळ्यांना ओढत नेतोच. आधी पाहा, मग ऐका. आवाज म्हणाला तसं दिसलं नाही तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फोटो काढावेत का?

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकल यांनी एका कलासंग्रहालयात केलेला प्रयोग २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला त्या लोकांना नंतर कमी आठवल्या. ज्या नुसत्या पाहिल्या त्या जास्त. जिथे झूम करून एखादाच भाग टिपला तिथे मात्र आठवण कमी झाली नाही. माझा नियम यावरूनच ठरला: आधी पाहायचं, मग एकच फोटो, तोही एखाद्या तपशिलाचा. एक हात, एक घडी, एक लिंबाची साल. संपूर्ण चित्र संकेतस्थळावर तुमच्या फोटोपेक्षा कितीतरी चांगलं मिळतं.

पट्टीचा फोटो मात्र जरूर काढा, नाव विसरलं की नंतर शोधणं कठीण जातं. फ्लॅश सगळीकडे बंद ठेवा. काही ठिकाणी फोटोच चालत नाहीत. प्रादोत मनाई आहे, आणि तिथली दालनं त्यामुळे वेगळीच शांत वाटतात.

पाऊण तासात पाय दुखतात, डोकं जड होतं. माझी आवड कमी पडते का?

मुळीच नाही. १९१६मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी या थकव्यावर एक लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला वस्तू नीट पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितलं आणि त्याचे फोटो काढले. वाकलेला, गुडघ्यावर बसलेला, मान वर ताणलेला तो माणूस पाहिला की कळतं, दोष मांडणीचा होता. मांडणी तेव्हापासून सुधारली, पण फरशी कठीणच राहिली, आणि रेंगाळत उभं राहणं सरळ चालण्यापेक्षा जास्त दमवतं.

म्हणून बाक दिसला की बसा. दमल्यावर बसायचं असं ठेवू नका, त्याआधीच बसा. ज्या चित्रासमोर बाक आहे ते चित्र निवडणं हीसुद्धा चांगली निवड आहे. चाळीस-पन्नास मिनिटांनंतर खिडकीपाशी जाऊन लांबवर काहीतरी पाहा, आकाश किंवा झाड. पाणी प्या, ते जिथे चालतं तिथे. सवयीचे बूट घाला, नवे नकोत.

गर्दीत समोर उभंच राहता येत नाही.

गट लाटेसारखे येतात. एका चित्रापाशी ते तीन-चार मिनिटं थांबतात, मग मार्गदर्शक झेंडा उंचावतो आणि पुढची लाट येईपर्यंत मोकळी जागा राहते. कडेला उभे राहा आणि त्या फटीची वाट पाहा. कडेला उभं राहण्याचा फायदाही असतो: तिरक्या कोनातून काचेवरची झळाळी जाते आणि रंगाचे उंचवटे दिसतात. नॅशनल गॅलरीतल्या होल्बाइनच्या ‘राजदूत’ या १५३३च्या चित्रात तर खाली एक वेडावाकडा पांढुरका आकार आहे. समोरून तो काहीच वाटत नाही. उजव्या कडेला भिंतीलगत जाऊन पाहा. ती कवटी आहे.

शिल्पासमोर काय करावं?

भोवती फिरा. लूव्रच्या जिन्यावरची समोथ्रेसची विजयदेवता तिच्या डाव्या बाजूने, तिरकी पाहावी. त्या बाजूचं कोरीवकाम जास्त बारकाईचं आहे, उजवी बाजू त्या मानाने साधी आहे. शिल्पकाराने तिला कुठून पाहिलं जाईल हे ठरवूनच घडवलं असावं. दोन्ही बाजूंना जाऊन स्वतः ताडून पाहा.

मुलं बरोबर आहेत.

मग एक तास, जास्त नाही. आत शिरताना आधी दुकानात जाऊन प्रत्येक मुलाला दोन पोस्टकार्डं निवडू द्या, आणि मग ती चित्रं शोधायला लावा. सापडल्यावर त्यांचे चेहरे बघा: छोट्या कार्डावरचं चित्र भिंतभर निघतं, किंवा उलट. कुत्री मोजणं, टोप्या मोजणं, चित्रातल्या माणसासारखं उभं राहणं यात ती रमतात. त्यांना चित्रकाराचं चरित्र सांगू नका. आणि मूल एखाद्या चित्रासमोरून हलेनासं झालं, तर तुमची यादी बाजूला ठेवा.

सोबतच्यांची आवड वेगळी असेल तर?

वेगळे व्हा. भेटण्याची जागा एखाद्या चित्राखाली ठरवा. ‘दाराशी’ म्हणू नका, मोठ्या इमारतीला चार दारं असतात. भेटल्यावर प्रत्येकाने एकेका चित्राकडे दुसऱ्याला घेऊन जायचं. कोणी आपला हात धरून ‘हे बघ’ म्हणत नेतं तेव्हा ते चित्र वेगळंच दिसतं.

खास प्रदर्शन पाहावं की कायमचा संग्रह?

पहिल्यांदाच जात असाल तर कायमचा संग्रह. अपवाद असा, की प्रदर्शनात एरवी विखुरलेली चित्रं एकत्र आलेली असतील. २०२३मध्ये राइक्सम्यूझियमने व्हर्मीरची २८ चित्रं एका छताखाली आणली. त्याची एकूण चित्रंच ३७च्या आसपास मानली जातात. असा योग असेल तर बाकी सगळं सोडावं. त्याची तिकिटं मात्र आधीच संपतात.

मोठी बॅग, छत्री?

मुक्कामी ठेवा. क्लोकरूमची रांग येताना एकदा आणि जाताना एकदा लागते. छोटी पिशवी पाठीवर न घेता पुढे घ्या. टिपणं काढायची असतील तर पेन्सिल न्या, बहुतेक ठिकाणी पेनपेक्षा तीच चालते.

शेवटची वीस मिनिटं उरली आहेत, अजून दोन चित्रं राहिलीत. धावत जाऊ का?

नका जाऊ. दालनं बंद होण्याच्या वेळेआधीच रिकामी करायला लागतात. रक्षक हळूहळू मागून येत दारं लावत असतात, आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा दोरी लागलेली असेल. त्याऐवजी आज पाहिलेल्यांपैकी जे सगळ्यांत जास्त मनात राहिलंय त्याच्याकडे परत जा. त्या वेळी दालन जवळजवळ रिकामं असतं. दुसऱ्यांदा पाहताना नजर सरळ जिथे जायची तिथे जाते, आणि तासाभरापूर्वी न दिसलेलं काहीतरी हमखास दिसतं. एकदा माझ्या मागे उभ्या असलेल्या रक्षकाने घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, आणि खोलीतलं दुसरं दार आधी लावायला गेला. मला आणखी दोन मिनिटं मिळाली.